वाघोबाचे पाय

आसनगाव
दि. १४ सप्टेंबर

ती. हौसाआत्यास,
अनिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

चौदा महिने तुला पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. शेखर रोज कुडशेतहून मोटारसायकलने इथे आसनगावला कामावर येतो आणि संध्याकाळी परत जातो. दर आठवड्याला माझा हा भाऊ विचारायचा, ताई, आत्याला चिठ्ठी द्यायचीय का, आणि मी उद्या देते म्हणायचे. त्यामुळे पोस्टाचं कारणही मला सांगता येत नाही. तुला कमी ऐकू येऊ लागल्यापासून फोन आपल्या दोघींच्या उपयोगाचा राहिला नाही. चाळिशीत प्रौढ वर्गात जाऊन शिकलेली अक्षरं तू बहुतेक माझ्यासाठीच वापरतेस, हेही मला माहीत आहे. तरी मी गप्प राहिले. गणपतीला आले नाही, दिवाळीला आले नाही. कॉलेजच्या लायब्ररीत तपासणी आहे असं शेखरला सांगितलं. तपासणी होती, पण दोनच दिवस.

खरं कारण आज लिहिते. गेल्या वर्षीच्या जुलैत तुझं पत्र आलं. काळू नदीला पाणी चढलं, खालच्या आळीत शिरलं, रामाकाका कल्याणला गवंडीकामावर होते, चिमाकाकी घरात एकटी होती, उंबऱ्यात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्याच पत्रात तू लिहिलं होतंस की वाघोबाचे पाय कोरडे होते, म्हणून थाळी वाजवली नाही. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल सांगता येत नाही. आळीचा नेम मला लहानपणापासून पाठ आहे. नदीकाठच्या वाघोबाच्या दगडावर जो वाघ कोरला आहे, त्याचे पुढचे पाय भिजले की तू काशाची थाळी बडवायची आणि सातही घरांनी उठून वरच्या शाळेत जायचं. दोन हजार पाच सालीही तसंच झालं, आणि आपल्या आळीतली कोंबडीसुद्धा वाहून गेली नाही. मग चिमाकाकीच्या घरात गुडघाभर पाणी असताना पाय कोरडे कसे राहिले?

मी जुन्या रोजनिशा काढल्या. बारा वर्षांपूर्वी, बाबा गेल्यानंतर, त्यांच्या स्मरणार्थ वाघोबाला चौथरा बांधावा ही कल्पना माझी. देव चिखलात उभा असतो हे मला बरं दिसत नव्हतं. दगड जुन्या जागेवरून उपटून अडीच फूट वर, फरशीच्या चौथऱ्यावर बसवला. देव वर गेला, नदी होती तिथेच राहिली. गावाच्या सभेचं त्या दिवशीचं पान असं आहे : ‘चौथऱ्याला सर्वांचा होकार. फक्त रामाकाका म्हणाले, देव उचलाल तर पाण्याचं माप उचललं जाईल. कुणीतरी म्हणालं, तुमचा देव नाही, तुम्हाला काय त्याचं. लोक हसले.’

रामाकाकांचं घर त्यांच्या वडिलांपासून बौद्ध. ते वाघोबाला हात जोडत नाहीत. तो दगड माप म्हणून त्यांनाच दिसला, आणि त्यांचंच घर नदीला सगळ्यांत जवळ आहे.

हे मला गेल्या वर्षीच्या जुलैपासून ठाऊक आहे, आत्या. मी एक अख्खा पावसाळा काहीही न बोलता जाऊ दिला. यंदा पाणी चढलं नाही. परवा ऊन पडलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याचीच लाज वाटून हे लिहायला बसले. चिमाकाकी आता चालत नाही. तिला खाटेवरून शाळेत न्यायचं तर चार माणसं आणि पाऊण तास लागणार. थाळी उशिरा वाजली तर बाकीचे धावतील, ती कशी धावणार?

दगड पुन्हा खाली जुन्या जागी बसवता येईल का, हे गावात विचारशील का? नाव माझंच सांग.

माझ्यावरचा जीव हे वाचूनही कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
अनिता


कुडशेत
१९ सप्टेंबर

चि. अनितास,
हौसाआत्याचा आशीर्वाद.

शेखरनं तुझी चिठ्ठी हातात ठेवली तवा मी त्याला इचारलं, ही अनिता कोन. तो हसला. मी हसले नाय. आसनगाव काय समुद्रापल्याड नाय गो. माझा भाऊ कोंडू गेल्यापासून त्याच्या लेकीची वाट बघायची मला सवय हाय, पन चौदा महिने जास्त झाले.

आमी बरे हाव. हळवं भात पिवळं पडाया लागलंय. तुझ्या वैनीनं काकड्या दिल्यात, शेखरच्या पिशवीत हायेत. कडू निघाल्या तर मला नाव ठेव, तिला नको.

आता तुझं म्हननं. दगड खाली येनार नाय. वाघोबाची पूजा नवशा भगताकडं, म्हनून त्याला इचारलं. तो म्हनाला, देव काय भाडेकरू हाय का, आज वरच्या खोलीत नि उद्या खालच्या. आनि गाव म्हनंल, कोंडूच्या लेकीनं चढवला, कोंडूच्या लेकीनं उतरवला, तिच्या घरचा पाट हाय जसा. चौथऱ्यावर माझ्या भावाचं नाव हाय. त्याला मी हातोडा लावू देनार नाय.

पन तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी हळू वाचते, म्हनून जास्त रुततं.

तू म्हनतेस चूक तुझी. मंग थाळी कोनाच्या हातात व्हती? त्या दिशी मी वाघोबापाशीच उभी व्हते. चिमाच्या अंगनात पानी शिरताना मला दिसत व्हतं. माझे कान गेलेत, डोळे नाय. पन पाय कोरडे व्हते म्हनून हात उचलला नाय. चाळीस वर्सं पाय बघून थाळी वाजवली, अंगन बघायचं ठावंच नव्हतं. हे मी तवा लिवलं नव्हतं. चिमाला पन सांगितलं नाय. रोज दुपारी तिच्याकडं जाऊन बसते. ती मला बहिरी म्हनते, मी तिला लंगडी म्हनते. तिची सून श्वेता म्हनते की दोघी मिळून एक बाई पुरी होते. चिमा श्वेताच्या खांद्याला धरून मोरीपर्यंत जाते. त्याच्या पुढं नाय.

एक ऐक. तू वर्सभर गप्प व्हतीस हे रामाला सांगू नको. तुझं मन हलकं व्हईल आनि त्याचं जड. मी पन गप्पच हाय.

माया हाय म्हनून रागावते. घरी येत जा.

तुझी आत्या
हौसा


आसनगाव
दि. २८ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

काकड्या गोड निघाल्या. वहिनीला सांग.

थाळीबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. आपण दोघी एकाच गोष्टीचं ओझं दोन टोकांना धरून बसलो होतो, आणि एकमेकींना कुशल कळवत होतो. निदान तू कळवत होतीस. मी तेही नाही.

भगतांचं म्हणणं मला मान्य करावंच लागेल. रामाकाकांचं न ऐकता एकदा देव हलवला, आता गावाच्या मनाविरुद्ध दुसऱ्यांदा नको. पण वेळ थोडा आहे. अरबी समुद्रात कमी दाब तयार होतोय, त्याचं वादळ होईल असं आज बातम्यांत सांगितलं. तू म्हणशील, समुद्र कुठे आणि कुडशेत कुठे. इथे लायब्ररीतही सगळे तेच म्हणतात, की वादळ म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांचं काम. आपल्याला वाऱ्याची फारशी भीती नाहीच. तौक्ते वादळाच्या वेळी आपल्या गोठ्याचे चार पत्रे उडाले होते, तेवढंच. भीती पाण्याची. समुद्रावरून आलेले ढग आपल्या घाटाला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. ते सगळं पाणी काळूत उतरतं. पूर्वी त्याला दिवस लागायचा. आता वरच्या अंगाला फार्महाऊससाठी डोंगर उघडे केलेत, तर चार-पाच तासांत दारात येईल. गावात ऊन असेल, डोंगरावर काळं असेल, आणि नदी चढेल.

म्हणून दोन गोष्टी विचारते. एक, चिमाकाकीला महिनाभर माझ्याकडे पाठवता येईल का? घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. दुसरी, वाघोबाचे पाय पूर्वी नेमके कुठे होते, हे रामाकाकांना आठवतं का, हे विचार. दगड जुन्या जागेवरून त्यांनीच काढला, चौथराही त्यांनीच बांधला. बाबांचा एक फोटो आहे माझ्याकडे, पण त्यात दगडापुढे बाबा उभे आहेत. पाय दिसत नाहीत.

हे मी रामाकाकांनाच लिहायला हवं होतं. काल बसले होते. ‘रामाकाकांस’ एवढं लिहिलं आणि अर्धा तास गेला. तुझ्या आडून विचारते आहे, हे मला कळतं.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
अनिता


कुडशेत
३ ऑक्टोबर

चि. अनितास,
आशीर्वाद.

काल दसरा झाला. सोनं शेखरच्या हाती पाठवलंय, घे.

चिमा तुझ्याकडं येत नाय. म्हनते, लिफ्ट म्हंजे कपाटच ते, दिवे गेले की मी कपाटात. आनि तिसऱ्या मजल्यावरून कोनाशी भांडू. मी लय सांगितलं. म्हनते बहिरीला सोडून गेले तर तिचं ऐकायला कोन. तिला न्यायचं तर उचलूनच न्यावं लागंल, शाळेपर्यंत काय नि आसनगावापर्यंत काय.

रामाला इचारलं. ओटीवर बसला व्हता. मी म्हनले वाघोबाचे पाय जुन्या जागी कुठवर व्हते. तो उठला, मला मागच्या अंगाला घेऊन गेला. त्याच्या अंगनाच्या कडेला दगड हाय ना, श्वेता भांडी घासते तो. तिथली राख त्यानं हातानं पुसली. खाली छिन्नीची रेघ. म्हनाला, देव काढायच्या आधी मी पाण्याची नळी लावून पायाची उंची इथं आनून ठेवलीय, नळीच्या दोन्ही टोकांना पानी एकाच उंचीला येतं. बारा वर्सं झाली, कोनी इचारंल म्हनून ठेवलीय.

मी म्हनले चिमाला ठावं व्हती का रेघ. चिमा आतून बोलली, मला ऐकू गेलं नाय, श्वेतानं मोठ्यानं सांगितलं. चिमाला ठावं व्हती. त्या दिशी रेघ बुडाली ते तिनं बघितलं. पन थाळी वाजली नव्हती. ती म्हनते, रेघ बघून निघाले असते तर हौसाची थाळी खोटी पडली असती. म्हनून वाट बघत बसली. गो अनिता, मी आत तिच्या खाटेपाशी जाऊन बसले. मंग मी तिला समदं सांगितलं, की मी उभी व्हते आनि हात उचलला नाय. चिमा म्हनाली, मला ठावं हाय, खिडकीतून दिसत व्हतीस, थाळी धरून पुतळ्यासारखी. म्हंजे एक वर्स ती मला बहिरी म्हनत व्हती नि हे बोलत नव्हती.

आता दगड हालत नाय आनि पाय तर खाली पायजेत. रातभर झोप नाय. सकाळी आपली मांजर पडवीच्या कठड्यावर बसली व्हती. अंग वर, पुढचे दोन पाय खाली सोडलेले. वाघाचीच मावशी ती. मी तशीच नवशाकडं गेले नि म्हनले, वाघ उंच खडकावर कसा बसतो. देवाला बसू दे वर. पाय खाली सोडून बसला तर तुझं काय जातंय. नवशानं डोकं खाजवलं. लय येळ खाजवलं. मंग म्हनाला, पाय सोडल्यानं देव उतरत नाय.

दसऱ्याच्या सकाळी केलं. रामानं नळी आनली. एक टोक त्याच्या रेघेला त्याच्या पोरानं, मुकेशनं धरलं, दुसरं चौथऱ्याच्या खालच्या काळ्या खडकाला रामानं. नळीतलं पानी हालायचं थांबलं तिथं रामानं बोट ठेवलं. शेंदराला त्यानं हात लावला नाय, आमी लाव म्हनलं पन नाय. मी त्याच्या बोटापाशी तेल-शेंदूर लावून दोन पाय काढले, चार-चार बोटांचे. पोरं म्हनतात बटाटे हायेत. असू दे. नवशानं नारळ फोडला.

आनि रामा तुझ्याबद्दल बोलला. म्हनाला, सभेत त्या दिशी समदे हसले, हौसा पन हसली. एक कोंडूची लेक खाली मान घालून लिवत बसली व्हती. ती एकटी नाय हसली. मला लय बरं वाटलं. माझी लाज झाकली तू.

जपून रहा.
हौसाआत्या


आसनगाव
दि. ७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

घाईत लिहिते, शेखर खाली उभा आहे. वादळ समुद्रात आहे, किनाऱ्यावर येणार नाही म्हणतात. पण घाटात परवा-तेरवा फार मोठा पाऊस सांगितला आहे. मुकेश कल्याणला, शेखर इथे. दिवसा आळीत उचलणारी माणसं कोण आहेत ते आजच ठरवून ठेवा. खाटेला दोऱ्या बांधून ठेवा. एकदा उचलून शाळेपर्यंत जाऊन बघा, चिमाकाकी रागावली तरी. गावात ऊन असलं तरी दर तासाला पायांपाशी जा. तू काढलेले पाय मी मनाशी कितीदा पाहिले.

रामाकाका माझ्याबद्दल जे म्हणाले, त्यावर आज लिहीत नाही.

अनिता


कुडशेत, वरची शाळा
११ ऑक्टोबर

चि. अनितास,
आशीर्वाद. पयलं हे वाच, समदे जिवंत हाव. चिमा माझ्या बाजूला बसून ह्या कागदात डोकावते आनि माझी अक्षरं वाकडी म्हनते.

गुरवारी सकाळी ऊन व्हतं. मी बाराला गेले, पाय कोरडे. एकला गेले, पानी खडकाला लागलेलं पन पाय कोरडे. डोंगर दिसत नव्हता. मंग मी घरी गेलेच नाय, तिथंच इरलं घेऊन बसले. दोन वाजून गेले तवा उजव्या पायाची बोटं बुडाली. चिमाच्या अंगनात अजून पानी नव्हतं, कोंबड्या फिरत व्हत्या. मी थाळी घेतली.

वाजवताना वर बघितलं तर खरा वाघोबा कोरडा ठनठनीत. आळीतली मानसं बाहेर आली, त्यांनी पन वर बघितलं. तुझ्या वैनीनं खुनेनं इचारलं, वरचे तर कोरडे हायेत. मी पायाकडं बोट दाखवलं. येवढा येळ गेला तो मला वर्सासारखा वाटला. मंग नवशा भगत, त्याचं त्यालाच काय वाटलं कोन जाने, रामाच्या घरात शिरला नि खाटेच्या दोऱ्या धरल्या. ते बघून समदे हालले.

तू ठरवाया सांगितलेली मानसं कामावर गेलेली. खाट उचलली ती रामानं, नवशानं, श्वेतानं नि चौथी मी. वैनी पोरांना घेऊन पुढं गेली. आता थाळी कोन वाजवनार, माझे दोन्ही हात दोरीला. चिमा म्हनाली, आन इकडं. थाळी पोटावर ठेवून, खाटेवर पडल्या पडल्या ती वाजवत निघाली. पार शाळेपर्यंत. मला ऐकू येत नव्हतं, पन खाटेची दोरी माझ्या हातात थरथरत व्हती. चढावर श्वेता दमली तवा चिमा काय म्हनाली ते तिनं मंग सांगितलं, जिवंतपनी खांदे नि वाजंत्री दोन्ही मिळालं, आता खरं मरायला काय मजा नाय. चढावर खाट खाली टेकवून तिथंच हसलो. भगत पन.

तीनला शाळेत पोचलो. त्याच्या मागं आळीतली बाकीची. वरून बघत व्हतो. साडेतीनला रामाच्या अंगनात पानी, चारला घरात. पाच वाजता त्याची मागची भिंत बसली, जिथं चिमाची खाट असते ती. आवाज मला आला नाय, समद्यांची तोंडं बघून कळलं. चौथऱ्यावरच्या वाघोबाचे पाय भिजले ते सांजच्याला सहा वाजता. मी येळ लिवून ठेवलाय, तुझ्यासारखा. त्याची वाट बघितली असती तर काय, हा हिशोब तू तुझ्या वहीत कर, मी करनार नाय.

आपलं घर राहिलं. भात आडवं पडलं, निम्मं हाती येईल. रामाचं घर गेलं. मुकेश आलाय, सरकारी मानूस पंचनामा करून गेला.

रामा भिंतीची माती उकरून त्याचं सामान काढतोय. थापी नि ओळंबा सापडला. काल म्हनाला, कोंडूच्या लेकीनं इचारलं म्हनून रेघ बाहेर निघाली, नायतर राखेखालीच राहिली असती. तुझं नाव घेतो येता जाता. तवा आता तू काय बोलू नको. वर्सभर गप्प व्हते वगैरे काय नको. त्याला घर नाय, येवढी एक गोष्ट बरी वाटतेय त्याला, ती राहू दे. माझं ऐक.

धा वेळा इचार कर पन घरी ये.

तुझी आत्या
हौसा
ता. क. चिमा म्हनते तुझं कपाट चालंल, पन मोरी पक्की असंल तर महिनाभर येईन, भिंत उभी राहीपर्यंत.


आसनगाव
दि. १३ ऑक्टोबर

ती. हौसाआत्यास,
अनिताचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र शेखरने दिलं आणि मी लायब्ररीच्या पायरीवर बसून वाचलं. थाळी चिमाकाकीने वाजवली, इथे आल्यावर पुढची ओळ बराच वेळ दिसेना. मोरी पक्की आहे, तिला सांग. दिवे गेले नि लिफ्ट थांबली तर मी जिन्याने वर उचलून नेईन. माणसं मी ठरवून ठेवली आहेत.

दोन ते सहा हा हिशेब मी वहीत केला. तू करणार नाही म्हणालीस तरी तुला कळवते. भिंत पाचला पडली. खाट त्या भिंतीशी असते. एवढंच लिहिते.

आत्या, तुझं एक सांगणं मी ऐकणार नाही. पहिल्यांदाच असेल. माझं मन हलकं करायला मी रामाकाकांकडे जात नाहीये, हे तुला आधी सांगते, कारण तू पहिल्या पत्रात तेच धरलं होतंस आणि ते तेव्हा थोडं खरंही होतं. तुझं पत्र वाचल्यापासून मी स्वतःला विचारते आहे की आता बोलून कुणाचं भलं होणार. कुणाचंच नाही, असं उत्तर येतं. तरी ते माझं नाव येता-जाता घेतात, आणि ते नाव ज्या गोष्टीसाठी घेतात ती घडलेलीच नाही. घर गेलेल्या माणसाने माझ्याबद्दल चुकीचं काही बाळगावं, आणि मी ते बाळगू द्यावं, हे मला जमणार नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांचं खरं बोलणं आपण हसण्यावारी नेलं. आता त्यांच्यापासून माझं खरं लपवलं, तर तीच गोष्ट दुसऱ्यांदा होईल.

तुला मी त्या पानाची नक्कल पाठवली होती. ती पूर्ण नव्हती. ‘लोक हसले’ याच्यापुढे त्याच ओळीत आणखी दोन शब्द आहेत. मी ते गाळले. वर्षभर गप्प राहिल्याचं तुला कबूल केलं, पण हे दोन शब्द कबूल करवले नाहीत. पुढे तू लिहिलंस की रामाकाका म्हणतात, ती एकटी हसली नाही, आणि मी उत्तरात घाई आहे असं लिहिलं. शेखर खाली उभा होता हे खरं. तो आणखी दहा मिनिटं उभा राहिला असता.

मी खाली मान घालून लिहीत होते, हे त्यांना बरोबर आठवतं. लिहीत होते म्हणून त्यांना माझा चेहरा दिसला नाही. लिहीत होते ते हेच : ‘लोक हसले. मीही हसले.’

वाघोबाचे पाय तू त्यांच्या बोटापाशी काढलेस. बोट खऱ्या जागी होतं, म्हणून चिमाकाकी आज तुझ्या अक्षरांना नावं ठेवते आहे. मलाही तेवढंच करायचं आहे.

त्यांनी मला दाराबाहेर काढलं, तर दार उरलेलं नाही, हेही मला आठवतं. तू जवळ बस. बोलू नकोस. इतक्या महिन्यांनी येते आहे, भाकरी मात्र ठेव.

रागावलीस तरी माझीच राहा.

तुझी,
अनिता

रोजनिशी, १३ ऑक्टोबर. उद्या : सकाळी शेखरच्या मागे बसून कुडशेतला जाणे आणि रामाकाकांना ते पान शेवटपर्यंत वाचून दाखवणे.